हनुवटीवरचा हात

९ जानेवारी, सोमवार

पुन्हा आला! हनुवटीच्या डाव्या बाजूला, खाली. लाल, टणक, मधोमध काळा ठिपका. केस बाहेर यायचा सोडून आतल्या आत वळून बसलाय. नवरा उठायच्या आत बाथरूमची कडी लावली, चिमटा घेतला. टोक सापडेना. मग सुई. रक्त आलं, केस काही आला नाही.

"आत काय करतेस एवढा वेळ?"

दात घासतेय म्हटलं. एव्हाना झिजून संपायला हवे होते माझे दात.

१० जानेवारी

सुजलंय. पावडर लावली तर आणखीच उठून दिसतं. नवरा म्हणाला, "पिंपल? या वयात!" हसला. मीही हसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मला दाढी येते हे त्याला ठाऊक नाही. हो, दाढीच! राठ, काळी. रोज उपटते म्हणून दिसत नाही इतकंच. कुणाला कळलं तर कुठे तोंड लपवू? आणि माझ्या कामात तोंड लपवून भागतच नाही.

१२ जानेवारी

दुसरी कुणी असती तर मास्क लावून सर्दी झाली म्हणून सांगितलं असतं. मी काय करू? माझ्या वर्गातल्या मुलांना ऐकू येत नाही. ती माझे ओठ वाचतात. तोंड झाकलं की त्यांच्यासाठी मी मुकी. आणि बोलायला शिकताना तर ती गुडघ्याला गुडघा लावून समोर बसतात, एक तळवा माझ्या हनुवटीवर, दुसरा स्वतःच्या. आवाज कानाला नाही, पण हाताला कळतो. म्हणूनच तर ही रोजची उपटाउपटी. त्या एवढ्याशा हातांना काही टोचायला नको.

आज समोर भिंगरी होती. पाच वर्षांची, एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. ओठ अगदी बरोबर हलवते, पण आवाज म्हणून नाही. शाळेत आल्यापासून नुसती हवा. आज तिचा अंगठा नेमका गाठीवर! ओरडणार होते, कशीबशी गिळली कळ.

१३ जानेवारी

हसू की रडू! "पा" म्हणताना दुखतं म्हणून माझा डावा डोळा मिटतो. आज भिंगरी आरशासमोर "पा" करत होती. ओठ बरोबर, आणि डावा डोळा गच्च बंद! तिला वाटतंय, डोळा मिटल्याशिवाय "पा" होतच नाही. तिचं बघून शेजारचे दोघेही तेच. सगळा वर्ग मला डोळा मारतोय. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, दारातूनच विचारलं, "हे काय नवीन?" काय सांगणार, कपाळ!

१५ जानेवारी, रविवार

पिकलंय. दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. मूर्ख बाई! आता लाली गालापर्यंत चढलीय, घास चावता येत नाही. कुठेतरी वाचून टूथपेस्ट फासली, तर आगडोंब. सारखी ठसठस. असह्य झालंय. कुणाला सांगूही शकत नाही.

१६ जानेवारी

भिंगरीचा हात हनुवटीवरून काढून माझ्या छातीवर ठेवला. आवाज तिथेही जाणवतो. तिने तो परत हनुवटीवर नेला. मी परत काढला, जरा जोरातच. तिने माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिली. ओठही हलवेना.

तिला वाटलं असणार, बाईंना माझा हात नकोय. मी काय करून बसले!

१७ जानेवारी

ताप भरला. नवऱ्याने ओढतच त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. तो आत येऊ लागला तर "बाहेर थांब!" म्हणून अंगावर गेले त्याच्या. बिचारा.

डॉक्टर तरुण मुलगी. भिंगातून बघितलं आणि विचारलं, "कधीपासून उपटताय?" मी हमसून हमसून रडले. तिने रडू दिलं. मग बारीकशी चीर देऊन पू काढला. आत गुंडाळी होऊन बसलेला केसही निघाला. एवढासा तो! गोळ्या, मलम, दिवसातून तीन-चारदा कोमट पाण्याच्या स्वच्छ फडक्याने शेक.

"सुई नाही, दाबणं नाही. उपटणं, दोरा, वॅक्स, सगळं बंद. वाढू द्या."

"वाढू द्या?"

"पूर्ण बरं होईपर्यंत. नंतर काढायचेच असतील तर ट्रिमरने वरच्यावर, केस झुकतो त्याच दिशेने. मुळापासून नाही. रक्तही तपासून घेऊ. बऱ्याच बायकांना असतं हे."

बऱ्याच बायकांना! मला तर एकही भेटली नाही. सगळ्या आपापल्या बाथरूमला कडी लावून बसल्या असतील.

२० जानेवारी

ताप उतरला, लालीही ओसरतेय. पण खुंट वर आलेत. आरशात बघवत नाही. चिमटा उचलला. ठेवला. पुन्हा उचलला. शेवटी नवऱ्याला हाक मारली आणि चिमटा त्याच्या हातात दिला.

"लपवून ठेव. मागितला तरी देऊ नकोस."

त्याने चिमट्याकडे बघितलं, मग माझ्या हनुवटीकडे. मला वाटलं, संपलं सगळं.

"म्हणजे दात घासत नव्हतीस तर," म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "फार दुखतं का गं?"

२३ जानेवारी, सोमवार

मोठ्या बाईंचा फोन. मी रजेवर, म्हणून माझ्या जागी दिलेल्या बाईंसमोर भिंगरी बसतच नाही. टेबलाखाली शिरते, हात मांडीखाली. "आईवडील म्हणतायत, बोलणं तिला जमणारच नसेल तर नाव काढून घेतो. तुम्ही उद्या याच. हवं तर पट्टी लावून या."

पट्टी लावली तर तिच्या हाताला पट्टीच लागणार. उपटलं तर पुन्हा गाठ, पुन्हा पू. नवऱ्याकडे चिमटा मागितला, हात जोडले, भांडले. दिला नाही. तशीच गेले तर पोरगी हात झटकेल, मग घरी खुणेने सांगेल, बाईला दाढी आहे म्हणून. नाही जमणार मला. पण मी नाही गेले तर तिचं काय?

२४ जानेवारी

गेले. पट्टी न लावता. टेबलाखाली शिरले, भिंगरीचा हात मांडीखालून सोडवला आणि जखम चुकवून खुंटांवर ठेवला. हात दचकून मागे गेला. मेलेच मी! मग परत आला. उलटा फिरवला, सुलटा फिरवला, आणि ती खिदळायला लागली. मग आवाज. खरा, घोगरा, वर्गभर घुमणारा—

"बाबा!"

ऐकू येणाऱ्या तिथे आम्ही दोघीच. मी आणि दारातल्या मोठ्या बाई. त्या तोंडावर हात ठेवून माझ्या हनुवटीकडे बघत होत्या.

मी हनुवटी आणखी पुढे केली. म्हटलं, "पुन्हा म्हण."