हवेवरचा पहारा

तीर्थरूप दाजींना साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा आठांपैकी सहाच अंगं मोजावीत.) ताईने गेल्या पत्रात ‘आम्ही मजेत’ एवढंच लिहिलंय. इतक्या थोडक्यात मजा कोणी सांगत नाही. काय लपवताय ते कळवा.

इकडे औषधकारखान्याचं बांधकाम संपत आलंय आणि निर्जंतुक खोलीतली हवा माझ्या ताब्यात आहे. तिथे हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवायचा, म्हणजे धूळ आत शिरत नाही. वाटेत एक चिंचोळी खोली, तिला दोन दारं. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. (तशी सक्ती करणारी विजेची कुलपं अजून बसायची आहेत. इलेक्ट्रिशियन महिनाभर ‘उद्या’ म्हणतोय. त्याच्यावरही माझं लक्ष आहे.)

पंधरा दिवसांपूर्वी दाब पडला. तुम्हीच पाठवलेल्या डक्टमिस्त्रीने छताजवळच्या हवेच्या नळाचा एक सांधा नीट बसवला आणि ‘झालं’ म्हणाला. इतक्या झटपट काम होतं का कुठे? कुठेतरी पाणी मुरतंय हे मी तेव्हाच ओळखलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्या मधल्या खोलीत स्टूल टाकून पहाऱ्याला बसलो. तर मी अकराला बसायचो आणि बरोबर अकराला दाब पडायचा, माझ्या नाकावर टिच्चून. दुपारीही बसू लागलो, तर दुपारीही पडू लागला. रंगारी माझ्याकडे बघून हसायचा, सफाईवाल्या बाई मी दिसलो की बोलणं थांबवायच्या. सगळे एकमेकांना सामील. शेवटी परवा साहेबांना लेखी कळवलं की मिस्त्रीने सांधा मुद्दाम कच्चा ठेवलाय. त्याला काढून टाकलं. तो हत्यारांची पेटी उचलून मुकाट्याने गेला. (निर्दोष माणूस भांडला असता.) त्याला दोन लहान लेकी आहेत, पण माझा इलाज नव्हता.

ताईला सांभाळा.

आपला मेहुणा

ता. क. : आज मीटिंगमुळे पहाऱ्याला बसता आलं नाही. दाब दिवसभर जागचा हलला नाही. दोन्हीकडे नजर राहावी म्हणून मी एक दार स्टुलाने आणि दुसरं पायाने उघडं धरून बसायचो, हे वर लिहायचं राहिलं.

आणखी ता. क. : मिस्त्रीला फोन केला. त्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग बोलला का नाहीस, असं विचारलं. म्हणाला, ‘दोनदा बोललो, साहेब. तुम्ही ते माझ्याविरुद्ध लिहून घेतलंत.’ वही उघडून पाहिली. घेतलंय, तारखेसकट. दाजी, फार लाज वाटते आहे. आमचे साहेब तुमचा शब्द मोडत नाहीत. पत्र हाती पडताच त्यांना फोन करा आणि मिस्त्रीला परत घ्यायला लावा. मी स्वतः साहेबांकडे जाऊन चूक कबूल केली. ते हळूच म्हणाले, ‘मिस्त्रीने तुम्हाला काय दिलं?’