कणीक मी मळतो

८ जानेवारी, गुरुवार
कंपनीला सुट्टी. विजयश्रीला घेऊन दापोडीला रश्मी मॅडमकडे. हिचं अंग वर्षभर ठणकतंय आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल. आता डॉक्टरांनी नाव सांगितलं, फायब्रोमायल्जिया, आणि ऑक्युपेशनल थेरपीला या मॅडमकडे पाठवलं. मला वाटलं, हिला नोकरी लावून देतात की काय. तसं नाही. रोजची कामं अंगाला झेपतील अशी कशी करायची, ते शिकवतात. थकायच्या आधी बसायचं. जड कामं घरच्यांनी घ्यायची. कणीक आणि फरशी मी तिथल्या तिथं घेतली. चाकणला अख्खी लाईन सांभाळतो, घर म्हणजे काय.

९ जानेवारी
फर्स्ट शिफ्ट. कंपनीची बस पहाटे येते. कणीक राहिली. उद्यापासून.

११ जानेवारी
ओट्याशी बसून काम करता यावं म्हणून उंच स्टूल आणलं. उंची बरोबर आहे का बघायला बसलो, तेवढ्यात चहा आला. ती उभ्यानं लाटत होती. बस म्हणालो. ती म्हणाली, "तुम्ही उठा मग." उठलो, दूध आणायला गेलो. येईपर्यंत चपात्या झालेल्या. ही थांबतच नाही, त्याला मी काय करणार?

१३ जानेवारी
कॅन्टीनमध्ये सहज बोलून गेलो, घरी स्वयंपाक मीच करतो. सगळे गप्प झाले. बरं वाटलं. साहेबराव म्हणाला, "मग गुरुवारी तुमच्या हातचं जेवायला येतो, राव." खंडूही येतो म्हणाला. नाही कसं म्हणणार?
घरी सांगितलं. विजयश्रीनं विचारलं, करणार कोण? दोघं मिळून, म्हणालो. ती काही बोलली नाही. म्हणजे चालेल.

१५ जानेवारी, गुरुवार
भरताची वांगी आणायला गेलो. वाटेत ट्रॅफिक. शिवाय एक ओळखीचे भेटले. आलो तर भाकरीसुद्धा थापून झालेली. वांगी तिनं खालच्या गाडीवरून घेतली होती.
साहेबराव म्हणाला, "भाकरी काय झालीय, उद्धवराव." मी म्हणालो, सवयीनं जमतं. विजयश्री दारात उभी होती. म्हणाली, "हो, हल्ली हेच करतात."
ताटावरून उठावंसं वाटलं. तरी दोन भाकऱ्या खाल्ल्या. नाहीतर पाहुण्यांना संशय आला असता.

१६ जानेवारी
तिला उठवेना. कंगवा हातात धरवत नव्हता. केस बांधून द्याल का, म्हणाली. रबर लावताना ओढले गेले. तिनं डोळे मिटले. कंपनीत ऑडिट, रजा मिळणं शक्य नव्हतं. मागितलीही नाही. नाशिक फाट्याला उतरून परत जावं असं फार वाटलं. बस तिथं थांबत नाही.
थांबते. माणसं चढली.

२२ जानेवारी, गुरुवार
दापोडीत आज हाच आजार असलेल्या बायकांचा गट, नवऱ्यांनाही बोलावलेलं. आजार इतका कशानं बळावला, मॅडमनी विचारलं. थंडीनं, विजयश्री म्हणाली. मी खरं सांगणारच होतो, तोवर विषय बदलला. घरी मदत कोण करतं? चऱ्होलीच्या दुर्गाबाई म्हणाल्या, "आमचे मालकच करतात सगळं." पुढची म्हणाली, आमचेही. तिसरीनं सुरुवात केली आणि तिला हसू आवरेना. मग सगळ्याच एकमेकींकडं बघून हसायला लागल्या. विजयश्रीसुद्धा. किती महिन्यांनी हसली ही. तिचा नंबर आला तेव्हा हसत हसत म्हणाली, "तेच लिहा, मॅडम."
आम्ही नवरे खाली फरशी बघत बसलो. दुर्गाबाईंच्या मालकांनी हळूच विचारलं, "तुम्ही खरंच करता का हो?" मी फरशा मोजायला लागलो.

२३ जानेवारी
आज लवकर उठून कणीक मळली. सैल झाली, पीठ घातलं. दगड झाली, पाणी घातलं. परत पीठ. परात भरली. विजयश्रीनं अंथरुणातूनच विचारलं, "किती माणसं येणारेत?"
दोघंच, म्हणालो.
खालून बसचा हॉर्न. ती भिंतीला धरून उठू लागली. पडून राहा, म्हणालो. म्हटलं इतकंच. परात तशीच ओट्यावर ठेवली, हात धुतले आणि निघालो.
बसमध्ये साहेबरावनं विचारलं, आज डब्यात काय?