वहीत लिहिलं ते खोटं होतं

ताई,

दोन दिवसांनी तुझा डोळा लागलाय, म्हणून उठवत नाही. खरं तर तुझ्या तोंडावर हे बोलायची माझी छाती नाही.

"ह्यांनीच हयगय केली असणार," असं तू सारखी म्हणतेस. भावोजींचं काहीही चुकलेलं नाही. आमच्या कंपनीच्या तळघरातल्या एसीच्या मोठ्या मशीनमधला गॅस दर आठवड्याला तपासायचं काम माझं होतं. तीन आठवडे मी खाली उतरलोच नाही, वर बसूनच वहीत 'गॅस पुरेसा' लिहीत गेलो. मशीन गळत होतं, गॅस तळघरात साचत होता. वहीवर भरवसा ठेवून भावोजी खाली गेले आणि श्वास कोंडून पडले.

सकाळी डॉक्टर मला म्हणाले, "शुद्धीवर येतील अशी आशा धरू नका. बहिणीला सांगा." तेही माझ्याच्यानं झालं नाही.

वही घेऊन साहेबांकडे चाललोय, सगळं कबूल करायला. जेवण झाकून ठेवलंय, दोन घास खाऊनच दवाखान्यात जा.

छकुली शेजारच्या काकूंकडे आहे. "मामा, बाबा कधी येणार?" म्हणून विचारत होती. मी 'उद्या' म्हणालो. तिला खरं काय ते आता तूच सांग.