बंद घरातला ताप

प्रिय अण्णा,

येत्या मार्गशीर्षात तुम्हाला जाऊन तीन वर्षं होतील. इतक्या दिवसांत एकदाही लिहिलं नाहीस, मग आजच का, असं तुम्ही चष्मा कपाळावर चढवून विचाराल. काल ऑफिसात मला नोटीस मिळाली. कारणे दाखवा. उत्तर लिहायला बसले, तर साहेबांच्या जागी सारखे तुम्हीच दिसायला लागलात. म्हटलं, आधी तुम्हाला सांगते, मग त्यांना.

अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या आपल्या घरातली रविवारची सकाळ आठवते? आई चहा ठेवायची आणि तुम्ही तुमची खाकी पिशवी सतरंजीवर रिकामी करायचात. मलेरिया विभागातली तुमची नोकरी. आठवडाभर दारोदार जाऊन 'घरात कुणाला ताप आहे का?' विचारायचं, असला तर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा. तुमचं अक्षर कुणालाच लागायचं नाही. म्हणून मी कॉलेजात गेल्यापासून अहवालाची पक्की प्रत माझ्याकडे आली.

एका रविवारी चार घरांपुढची जागा कोरी होती. मी तिथे शून्य टाकलं.

"हे कुठून आणलंस?" तुम्ही विचारलंत.

"ताप नसेल म्हणून तुम्ही काही लिहिलं नसेल ना?"

"घर बंद होतं. बंद घरात ताप नसतो, असं तुला कुणी सांगितलं?"

सगळा कागद पुन्हा लिहायला लावलात. मैत्रिणी खाली ताटकळत उभ्या होत्या. किती राग आला होता मला तुमचा!

मग एकदा कॉलेज सुटल्यावर उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये मी ड्रेसचं कापड घ्यायला गेले होते. जीन्स शिवणाऱ्या एका गाळ्याच्या पायरीवर तुम्ही बसलेले दिसलात. आतून सिंधी शेठ म्हणत होता, "अरे काका, लिख दो ना. इधर कोई बीमार नहीं."

"लिखता है ना शेठ. पहले देखेगा, फिर लिखेगा."

जेवणाची सुट्टी होईपर्यंत तुम्ही तिथून हलला नाहीत, आणि तुमच्या शेजारी मीही बसून राहिले. मशिनी थांबल्या तसे तुम्ही लाकडी शिडीने माळ्यावर चढलात. वर दोन कारागीर न शिवलेल्या पँटींचा ढीग अंगावर ओढून भर उकाड्यात कुडकुडत पडले होते. त्यातल्या एकाला मलेरिया निघाला. त्याला चौदा दिवस गोळ्या द्यायच्या होत्या. तुम्ही चौदाही दिवस गेलात आणि गोळी तुमच्यासमोर गिळायला लावलीत. पुढे तोच शेठ रस्त्यातून तुम्हाला हाक मारायचा, "काका, ऊपर एक को बुखार है, देख लो."

हे सगळं आठवून आता छान वाटतं, पण अण्णा, तुमच्यावर माझा रागही होता. माझ्या साखरपुड्याला पेढे वाटून झाल्यावर तुम्ही आलात, तेही हाताला स्पिरिटचा वास घेऊन. सासरची माणसं एकमेकांकडे बघत होती. एक दिवस रजा घेतली असती तर काय बिघडलं असतं?

आणि तुमची बढती? बाकीच्यांचे कागद स्वच्छ असायचे, तुमच्याच कागदावर जागोजागी 'घर बंद, पुन्हा जाणे'. वरच्यांना ते आवडायचं नाही. आई चिडायची. एकदा जेवताना मीही बोलून गेले, "अण्णा, टाका ना शून्य. कोण बघतंय?" तुम्ही उरलेला भात संपवलात आणि ताट उचलून उठलात. त्या दिवशी तुमची माफी मागायला हवी होती. राहून गेली.

आणि नशीब बघा. दोन वर्षांपूर्वी मला नोकरी लागली ती आरोग्य विभागातच, कंत्राटी, आकडे भरायची. घरोघर फिरणाऱ्या बायका कागद आणतात, मी ते कॉम्प्युटरवर चढवते. चौकट रिकामी सोडली की ती लाल होते, पुढे जाऊ देत नाही. आणि पाच वाजता अहवाल वर गेलाच पाहिजे. मग मी काय करत असेन? शून्य, अण्णा. सुरुवातीला हात अडखळायचा. नंतर सवय झाली.

गणपती झाल्यावर डेंग्यूची पाहणी निघाली. आमच्या सुरेखाताई एका गल्लीत तीनदा जाऊन आल्या. गाळ्यांची शटरं पुढून बंद, मागून काम चालू. त्यांनी कागद कोरा दिला. मी शून्य भरलं. त्या गल्लीत रुग्ण नाहीत असं ठरलं आणि धूरफवारणीची गाडी दुसरीकडे गेली.

आठवड्याभराने एक बाई आमच्या टेबलापाशी आली. नवरा इस्त्रीकाम करणारा, डेंग्यूने दवाखान्यात होता. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मॅडम, हमारी गली में कोई आया क्यों नहीं?"

मी गल्लीचं नाव शोधलं. त्या नावापुढे माझंच शून्य होतं. ती बाई उभीच होती आणि मला तिच्याकडे बघवेना.

साहेबांना जाऊन सांगितलं, "सर, कागद कोरा होता, हे शून्य मी मनानेच भरलंय."

"वैशाली, अहवाल वर गेलाय. आता बदललास तर आपल्यालाच विचारतील."

"विचारू देत, सर."

दुसऱ्या दिवशी दुपारी सुरेखाताईंबरोबर मी स्वतः गेले. जेवणाच्या सुट्टीतच गेले, हे तुम्हाला सांगायला नकोच. शटर वर झालं तसे आत शिरलो. पाच जण तापाने पडलेले, आणि गच्चीवरच्या उघड्या पिंपांत अळ्या. नावं लिहून घेतली, रक्त तपासायला पाठवलं, दुरुस्त अहवाल केला. चूक माझी, असं खाली लिहून सही केली. गुरुवारी फवारणीची गाडी आली. त्या बाईचा नवरा वाचला. परवा पुन्हा कामावर दिसला, शर्ट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता.

नोटीस त्या सहीमुळेच आली. मार्चमध्ये करार वाढेल की नाही, माहीत नाही. साहेब मात्र आता बंद गाळ्यांची वेगळी यादी मागतात. कुणाला न सांगता, हळूच.

काल बदलापूरला घरी जाण्याआधी अंबरनाथला उतरून आईकडे गेले. तिला सगळं सांगितलं. तिने पीठ मळून परात बाजूला सारली. मग म्हणाली, "बापावर गेलीस." तक्रार होती की कौतुक, कळलं नाही. मीही विचारलं नाही.

अण्णा, आता नोटिशीचं उत्तर लिहायला घेते. त्यात सबब एकही नसेल. करार वाढला तर त्या टेबलावर काम करेनच. नाही वाढला, तर माझ्या जागी जी मुलगी येईल तिला शेजारी बसवून या गल्लीची गोष्ट सांगेन आणि मगच उठेन. एवढं वचन घ्या.

तुमचीच,
वैशू