काढायच्या फांदीला बांधलेली दोरी

मामंजी,

गेल्या महिन्यात परभणीला माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आधी पट्टी, मग काळा चष्मा. चष्मा उतरवला त्या दिवशी अंगणातल्या कडुनिंबाचं एकेक पान सुटं सुटं दिसलं आणि एकदम तुम्ही आठवलात. रडू वगैरे आलं नाही, ते मला जमत नाही. नातसून म्हणाली, आजी, एवढं काय बघता, झाडच तर आहे. म्हटलं, तू तुझं काम कर, आणि तिच्या पोराची वही मागून घेतली. मी शाळेत गेले नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी गावात बायांचा वर्ग निघाला, तिथं चार अक्षरं गिरवली, जोडाक्षराला अजून अडखळते. तुम्हाला तर तेवढंही येत नव्हतं, म्हणजे चुका काढायला कोणी नाही.

तुमच्या घरी सून म्हणून आले तेव्हा मला वाटलं, शेतकऱ्याला दिलंय. तीन एकर कोरडवाहू होतंही, पण चूल पेटायची ती तुमच्या करवतीवर. कुणाच्या घरावर फांदी झुकली, विहिरीत चिंचेचा पाला पडू लागला, आंब्याला बांडगूळ लागलं, की बोरीपासून पूर्णेपर्यंतचा माणूस तुमच्या दाराशी यायचा. झाड पाडणारे गावोगाव होते. झाड राखून फांदी तेवढी उतरवणारे तुम्ही एकटे. "पाडायला काय लागतंय, वाऱ्यालाबी येतंय," असं तुम्ही म्हणायचात. तुम्ही वर, आणि खाली सोलाचा दोर धरायला तुमचे धाकटे भाऊ. अंबाडीचा तो अंगठ्याएवढा जाड सोल फांदीला बांधायचा, वरच्या बेचक्यातून घ्यायचा, खाली झाडाच्या बुडाला दोन वेढे द्यायचे आणि फांदी सुटली की हळूहळू सोडत तिला जमिनीवर निजवायची. धाकटे मामंजी लकव्यानं आडवे पडले आणि खाली धरणारं कोणी उरलं नाही. तुमचा लेक शिडीच्या तिसऱ्या पायरीवर घामानं भिजायचा. नुसतं खाली उभं राहून वर बघितलं तरी त्याला गरगरायचं. माणूस चांगला, पण उंचीनं त्याच्याशी वैर घेतलेलं. आठ दिवसांनी तुम्ही आत्याबाईंना म्हणालात, सूनबाईचे हात दणकट हायत. सासू म्हणून आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, कारण त्या घरात दिवसभर जातं ओढण्यापेक्षा दोर ओढणं बरं.

तुम्ही शिकवायचात तेही आत्याबाईंना सांगितल्यासारखं, माझ्याकडं पाठ करून. आधी बुंध्याला कुऱ्हाडीच्या दांड्यानं ठोकायचं, भरीव बोलतंय का पोकळ ते ऐकायचं. फांदीला आधी खालून खाचेचं तोंड पाडायचं, मग वरून कापायचं. वरूनच कापत गेलं तर फांदी पडताना बुंध्याची साल सोलून नेते. बुडाशी सालीची फुगीर वळी असते ती सोडून कापायचं, खुंटीही ठेवायची नाही, आणि कापल्या जागी शेणमातीचा लेप. चिंच चिवट, ती वाकून सांगते. कडुनिंब बरा. जांभूळ हसत हसत मोडतं. आणि शेवग्यावर चढायला सांगेल त्याच्या घरी परत जायचं नाही. घरटं दिसलं की काम महिनाभर पुढं, मग मालक कितीही मोठा असो. एकदा एका पाटलानं यावरून तुम्हाला चार शब्द सुनावले, तर तुम्ही म्हणालात, मालक, तुमच्या घरात बाळंतीण असताना आमी कौलं काढायची का. पाटील हसला. मी पदराआड हसले. तुम्हाला दिसलं असेल तर तुम्ही दाखवलं नाहीत.

अडचण एकच होती, बोलायचं कसं. सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडायचं नाही, आणि तुम्ही पंचवीस हात वर. मग तुम्हीच तोड काढलीत. वरून तुम्ही बोलायचं, खालून मी सोलाला हिसका द्यायचा. एक हिसका म्हणजे मी तयार, कापा. दोन म्हणजे थांबा, खाली कोणी आलंय. सोल तुमच्या खांद्याजवळून जायचा, तुम्हाला तो लगेच कळायचा. असं दीड वर्ष चाललं. लोक बघायला जमायचे, सासरा वर आणि सून खाली आणि खालून शब्द नाही.

पूर्णेची ती सकाळ मला अजून दिसते. रेल्वेच्या घरांची रांग, वर लाल कौलं, आणि एका घरावर कडुनिंबाची ही एवढी फांदी. मुकादम सांगून बाजूला उभा, कौल फुटता कामा नये. ओट्यांवर बाया कमरेवर हात ठेवून उभ्या. तुम्ही वर पोचलात. तिथं जोडफांद्या आहेत, एका बुडातून दोन निघालेल्या, एक ठेवायची आणि एक काढायची. सोल तुम्ही काढायच्या फांदीला बांधलात, बरोबर. ठेवायच्या फांदीवर पाय रोवलेत, तेही बरोबर. मग कंबरेची दोरी, जी तुम्हाला पडण्यापासून राखते, ती चाचपत चाचपत बांधलीत, आणि ती बांधलीत काढायच्या फांदीला. मी खालून बघतेय. पानं मधे येताहेत, वाटलं आपलीच नजर चुकली. दोन पावलं सरकून बघितलं. नजर चुकलेली नव्हती. फांदी सुटली की झोका घेणार, आणि तिच्यासोबत तुम्हाला घेऊन भिंतीवर जाणार.

तुमचं खालचं तोंड पाडून झालं होतं, वरून करवत लावली होती. मी दोन हिसके दिले. तुम्ही थांबलात, खाली वाकून विचारलंत, "कोन हाय रं खाली?" मुकादम म्हणाला, "कोई नहीं जी, चालू रखो." तुम्ही माझ्यावर जरा करवादलात, दोर खेळायची वस्तू न्हाई म्हणालात, आणि पुन्हा करवत सुरू. मी परत दोन दिले. तुम्ही थांबलाच नाहीत. तेव्हा मला कळलं की आपल्या हिसक्यांत मी तयार आहे यासाठी खूण आहे, कोणी आलंय यासाठी आहे, पण मामंजी तुमचं चुकलं यासाठी खूणच नाही. ती ठेवायचं तुम्हालाही सुचलं नाही, मलाही नाही. कोणत्या घरात असते?

मग मी ओरडले. "मामंजी, कमरंची दोरी काढायच्या फांदीला हाय तुमची. हलू नका."

करवत थांबली. तुम्ही हात मागं नेऊन दोरी चाचपली, गाठेपर्यंत बोटं नेली, आणि तिथंच कितीतरी वेळ हात तसाच राहिला. मग गाठ सोडलीत, ठेवायच्या फांदीला बांधलीत, दोनदा ओढून बघितलीत आणि काप पुरा केलात. फांदी मी उतरवली. एक कौल हललं नाही. मुकादम म्हणाला, "क्या जी, बहू को उप्पर भेजो, तुम नीचे बैठो." लोक हसले. तुम्ही उतरलात, शेणमाती लावायला परत चढलात, आणि घरापर्यंत माझ्यापुढं चालत राहिलात.

वाटेत मी माझं गाठोडं मनात बांधून ठेवलं होतं. दोन लुगडी, एक चोळी, आईनं दिलेला तांब्या. सासऱ्यावर चारचौघांत ओरडलेल्या सुनेला कोण ठेवतो? माहेरी भाऊजय बसलेली होती, तिच्या दारात परत जाण्यापेक्षा विहीर बरी वाटत होती. बातमी आमच्या आधी पोचलेली. आत्याबाई दारातच म्हणाल्या, "पानवठ्यावर बाया तोंड दाबून हसायल्यात. सासऱ्याचं चुकलं म्हणून वरडलीस म्हणं. तुला लाज हाय का न्हाई?" मी चुलीशी बसले. तुम्ही हातपाय धुतलेत, भाकरी पुढं आली, अर्धी खाल्लीत. मग ताटाकडं बघत आत्याबाईंना म्हणालात, "तिला सांग, उद्यापासून वरडायचं. दोन वरसं झाली, मला पान दिसंना. नुस्तं हिरवं दिसतंय."

दोन वर्षं तुम्ही हे पोटात ठेवून झाडावर चढत होतात. मला त्या वेळी तुमची दया यायला हवी होती. खरं सांगते, आधी सुटल्यासारखं झालं. गाठोडं सुटलं. त्या दिवशी मी चार भाकऱ्या खाल्ल्या.

पुढं दोन हंगाम मी खालून तुम्हाला झाड सांगितलं. डावीकडं हातभर, तिथं वाळलेली आहे, पाय देऊ नका, वळी तुमच्या करंगळीखाली आहे. पहिल्यांदा सगळे हसले, मग सवय झाली, मग लोक निरोप धाडताना सुनेला घेऊन या म्हणायला लागले. पदर डोक्यावर असायचा आणि तोंड चालू. पुढच्या साली तुम्ही स्वतःच करवत खुंटीला लावलीत. राज्य बदललं त्या हिवाळ्यात तापानं गेलात, घरात, बाजेवर, सगळी माणसं भोवती. लोक हळहळले. मला मात्र बरं वाटलं होतं, की तुम्ही बाजेवर गेलात. तुमच्या धंद्यातला माणूस बाजेवर जात नाही.

आता एक राहिलं. तुम्ही मरेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचात, "दिसल्याबरुबर वरडली, एक पळ थांबली न्हाई." मी खाली मान घालून ऐकायचे. तसं झालं नव्हतं, मामंजी. दुसरे हिसके वाया गेल्यावर तुमची करवत पाच वेळा गेली आणि आली. माझा पदर डोक्यावरून घसरला होता, दोन्ही हात दोरात होते, आणि त्या ओट्यावरच्या बाया मला काय म्हणतील हे मी ठरवत होते. पाच वेळा, मी मोजलंय. हा कागद कुणाला पाठवायचा नाही, वहीतून फाडून ठेवते. एवढं लिहायला मला तीन दिवस लागले, आणि लिहून झाल्यावर भीती वाटली होती तेवढं काही झालं नाही.