खिडकीजवळचं मशीन

आप्पा, तुम्हाला बुद्धिबळ येत नव्हतं आणि कॉम्प्युटर तुम्ही पाहिला तो फक्त बँकेत, काउंटरच्या पलीकडे. तेव्हा मुळापासून सांगतो. बुद्धिबळ खेळणारे प्रोग्राम लिहायचे आणि ते एकमेकांशी लढवायचे, असा आम्हा पाच-सहा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. दर उन्हाळ्यात आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये स्पर्धा होते. भरवणारा मी, पंच मी आणि खेळणाराही मीच. तुम्ही असता तर इथंच तुमची भुवई वर गेली असती.

नोकरीची ऑर्डर दाखवायला मी तुमच्या कारखान्यात आलो होतो, तो दिवस आठवतो. तुम्ही मागांचे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून लावून देणारे. काका आणि पलीकडच्या मागावरचा तेलुगू विणकर यांच्यात जुंपली आहे, कुणाचा हात चांगला यावरून. तुम्ही तेलकट हात पुसत म्हणता, "माग बदला दोघांनी. त्या पत्र्याच्या भितीकडंला सूत वाळून तुटतंय, हितं गारवा हाय. सांजच्याला कळंल." संध्याकाळपर्यंत पत्र्याकडच्या मागावर काकांचं सूत सतरा वेळा तुटलं. पुढे कित्येक महिने ते आपल्या घरी पाणीसुद्धा प्यायले नाहीत. आई चिडली, "सख्खा भाऊ की तुमचा!" तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "भाऊ हाय म्हनून सूत तुटायचं थांबतंय व्हय?"

आमच्या स्पर्धेत तोच नियम मी घातला होता: निम्मे डाव झाले की मशीन बदलायची. दोन्ही मशीन एकाच दिवशी घेतलेली, पण एक पश्चिमेच्या खिडकीजवळ आहे. मे महिन्यात दुपारी ते इतकं तापतं की आपणहून वेग कमी करतं आणि त्यावरचा प्रोग्राम तेवढ्याच वेळात कमी चाली तपासतो. हे फक्त मला ठाऊक होतं. यंदा शेवटची लढत जुळे सोलापुरातल्या एका बाईंशी होती. बँकेत नोकरी करून, सहा महिन्यांचे रविवार घालून त्यांनी प्रोग्रामचा एक भाग नव्याने लिहिला होता. सकाळच्या सरावातच त्यांचा प्रोग्राम माझ्यापेक्षा सरस ठरला. मी त्यांना खिडकीजवळचं मशीन दिलं. निम्मे डाव झाल्यावर त्यांनी विचारलं, "सर, आता अदलाबदल ना?" मी म्हणालो, "राहू द्या मॅडम, वेळ जातो. दोन्ही सारखीच आहेत की." त्या म्हणाल्या, "हो, तेही खरंय." मी दोन गुणांनी जिंकलो. पेढेसुद्धा खाल्ले, आप्पा.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॅबला आतून कडी लावून मी नंतरचे निम्मे डाव मशीन बदलून पुन्हा खेळवले. त्यांचा प्रोग्राम सहज जिंकला. ती फाइल मी पुसून टाकली. लबाडी केली याची लाज आहेच, पण ती एक वेळ पचली असती. त्या बाईंनी मात्र हरण्याचा दोष आपल्या कामाला दिला आणि सहा महिने खपून लिहिलेला तो भाग काढून टाकला. काका निदान तुमच्यावर रागावले तरी. या बाई माझे आभार मानून गेल्या.

काल त्यांचा फोन आला होता. "सर, तो काढलेला भाग परत घालून बघू का? मन मानत नाही." सांगायची वेळ हीच होती, हे मला पुरतं कळत होतं. मी म्हणालो, "कशाला मॅडम, नवीनच काहीतरी लिहा."

हे पत्र त्यांना लिहायला बसलो होतो, आप्पा. पहिल्याच ओळीत तुमचं नाव घातलं, म्हणजे ते पाठवावं लागणार नाही.