श्रद्धांजली मागं घेत नसतात

सोमवार, १० नोव्हेंबर

आले एकदाची कोल्हापुरात, आणि पहिल्याच दिवशी जीव रमला. राजारामपुरीत माडीवरची खोली मिळाली आहे. खाली बेकरी, त्यामुळं सकाळपासून खारीचा वास. घरमालकीण अंबूबाई एकट्याच राहतात, पण आवाज चार माणसांचा. दारातच विचारलं, कुठली, कुणाची, लिंगायत म्हणजे अंडंबी चालत न्हाई की काय. चालत नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मग माझी काळजीच मिटली की. बॅग ठेवायच्या आधी पिठलं-भाकरी वाढली आणि ताटात काही राहिलं तर बघ, असा दमही भरला.

नोकरी 'करवीर कट्टा'वर. म्हणजे इंटरनेटवरचं पान. आपण बातम्या टाकायच्या, लोकांनी खाली मतं मांडायची आणि एकमेकांची आयमाय काढायची. त्यातल्या शिव्या काढून भांडण तेवढं शिल्लक ठेवणं हे माझं काम. मुरगूडला भावाच्या मोबाईलवर फोन करून आईला, अव्वाला हे सांगितलं, तर ती म्हणाली की हे तर तू आपल्या नळावर फुकट करत होतीस. भाऊ, गुरुदादा, शेजारी बसून हसत होता. हसू दे. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून घरात बसले होते तेव्हाही हसतच होता.

बुधवार, १२ नोव्हेंबर

या गावाचं मत नाही असा विषय नाही. नवीन वीजमीटर, भाजीवालीला फोनवरून पैसे द्यावेत का, मशीन माणसाच्या नोकऱ्या खाणार का, सगळ्यावर पैजेनं बोलतात. बातमी मात्र कुणी वाचत नाही. आज मी 'फोन रात्रभर चार्जिंगला लावावा का' असं शीर्षक टाकलं, उत्तर आत लिहिलं. खाली एकानं लिहिलं, आत्ताची पोरं आळशी. दुसरा थेट निवडणुकीवर गेला. तिसऱ्यानं लिहिलं, दादांना वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा. कुठला दादा, कसला वाढदिवस, देव जाणे. त्याला सगळ्यात जास्त अंगठे मिळाले.

या सगळ्यात एकच माणूस वाचून लिहितो. शिवशरण पट्टणशेट्टी मास्तर. पूर्वी गंगावेशीत टायपिंगचा क्लास चालवायचे. बायको गेली, मुलगी अंतरा पुण्यात असते. प्रत्येक बातमीखाली त्यांचा एक परिच्छेद असतो, पूर्णविराम-स्वल्पविरामासकट, आणि शेवटी एकच विनंती की आधी बातमी वाचावी. लोक त्यांना जाम वैतागलेत. मला आवडतात बाई. शाळेत असे मास्तर मिळाले असते तर मी बरी निघाले असते.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सकाळचं पहिलं काम निधनवार्तांचं. लोक नाव पाठवतात, ते आपण प्रोग्रामात घालायचं. प्रोग्राम स्वतःच पानावरच्या जुन्या फोटोंतून त्या माणसाचा फोटो शोधतो, भोवती फुलं, वर समई, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि कार्ड तयार. मी बघून बटण दाबायचं. टाकल्याबरोबर खाली हात जोडलेल्यांची रांग लागते. माणूस ओळखीचा असो नसो, कोल्हापुरात हात जोडल्याशिवाय पुढं कुणी जात नाही. आणि लगेच तेच कार्ड आपापल्या स्टेटसला.

पानाचे मालक जोतीरामदादा. त्यांचा एकच कडक नियम आहे. बाकी काहीही काढ, श्रद्धांजली काढायची न्हाई. मागं एकदा चुकून एक निघाली, तर गल्लीच्या गल्ली ऑफिसवर चालून आली आणि काचा फोडल्या. मयताचा अपमान केला म्हणाले. एकदा वाहिलेली श्रद्धांजली मागं घेत नसतात, हे दादांनी मला दोनदा सांगितलं. मी म्हटलं बरं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

घात झाला.

इचलकरंजीचे एक सूतव्यापारी वारले. त्यांचंही नाव शिवशरण पट्टणशेट्टी. प्रोग्रामानं मास्तरांचा फोटो उचलला. मी एका हातानं चहा घेत होते, बघितलं न बघितलं आणि बटण दाबलं. वाचत नाहीत म्हणून गावाला नावं ठेवणारी मी.

तासाभरात मास्तरांनीच खाली लिहिलं की मी जिवंत आहे, कृपया बातमी वाचावी. नाव-आडनाव तेच असलं तरी गाव वेगळं आहे हेही लिहिलं. त्यावर लोकांनी काय करावं? त्याच्याखालीही हात जोडले. एकानं लिहिलं की मास्तर गेले तरी सवय गेली न्हाई. दुसऱ्यानं दम भरला की मेलेल्या माणसाचं खातं वापरणाऱ्यानं लाज बाळगावी.

दादांना कार्ड काढूया म्हटलं, तर त्यांनी आकडा दाखवला. एवढी माणसं कधीच आली नव्हती म्हणाले. शेवटी खाली दुरुस्ती टाकू दिली. ती कुणीही वाचलेली नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आज मास्तर ऑफिसात आले. उंच, वाकलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट. मी उठून उभी राहिले. दादा मोबाईल बघत त्यांच्या अंगावरूनच गेले. खांद्याला खांदा घासला, तरी मान वर केली नाही. मी म्हटलं, दादा, मास्तर आलेत. दादांनी खुर्चीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाले की तुला बरं वाटत नसलं तर घरी जा. थट्टा करत नव्हते. मी त्यांचा चेहरा नीट बघितला.

मास्तर हळू आवाजात सांगत होते. कालपासून दूधवाला दारात थांबत नाही. शेजारी समोरून जातात. अंतरा पुण्याहून आली, पण फोन करायच्या आधीच तिनं स्टेटस ठेवलं होतं. घरात येऊन त्यांच्याच फोटोला हार घातला. हे तिच्यासमोर उभे राहून हाका मारत होते. ती शेजाऱ्यांना विचारत होती की बाबांची माती कधी झाली. शेजारी म्हणाले, झाली की, आम्ही सगळी होतो.

फक्त जोतिबा रोडच्या कोपऱ्यावरचा चप्पल शिवणारा त्यांच्याशी बोलला. त्याच्याकडं साधा फोन आहे. आमच्या दोघांच्या एकदमच लक्षात आलं. ज्यानं ज्यानं हात जोडलेत, त्याला ते दिसत नाहीत. मी जोडले नव्हते.

मला रडू आलं. चूक माझी, आणि माफी मागावी तर ते उलट मलाच पाणी पी म्हणाले.

गुरुवार, २० नोव्हेंबर

दादा जेवायला गेल्यावर मी ते कार्ड काढून टाकलं. आणि माझ्या नावानं, माझ्या फोटोसकट लिहिलं की मास्तर जिवंत आहेत, मी त्यांच्याशी बोलले आहे, डोळे उघडा आणि एकदा तरी वाचा. रागानं लिहिलं. आंधळ्यांनो असा शब्दही घातला. आता वाटतं घालायला नको होता.

कार्ड जाऊन काय उपयोग? घरोघर स्टेटसला होतंच. तिथून परत आलं, दहा ठिकाणी. आणि मग सगळे माझ्यावर उठले. मयताचा अपमान केला. ही कुठली, कोण, हिला कुणी बसवलं. मुरगूडची आहे हे कुणीतरी शोधून काढलं. दादांनी पासवर्ड बदलला आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाले.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

मास्तरांकडं गेले. दार उघडंच. कॉम्प्युटर चालू होता, समोर खुर्ची, खुर्चीवर चष्मा. पडद्यावर त्यांचंच कार्ड आणि खाली त्यांचं शेवटचं वाक्य. लिहिलं होतं की एवढे सगळे म्हणतात त्या अर्थी माझीच काहीतरी चूक होत असावी. आणि त्याखाली, पूर्णविरामासकट, भावपूर्ण श्रद्धांजली.

स्वतःच लिहिलं त्यांनी. आयुष्यभर पुराव्यानं बोललेला माणूस बहुमताला शरण गेला.

मी घरभर हाका मारल्या. मला तरी दिसायला हवे होते, मी हात जोडले नव्हते. पण घरात कुणीच नव्हतं. अंतरा स्वयंपाकघरात चहा गाळत होती. माझ्याशी नीट बोलली. बाबा फार हट्टी होते म्हणाली.

शनिवार, २२ नोव्हेंबर

माझं कार्ड आलं.

भांडणात हरवायचं असलं की समोरच्याच्या फोटोला हार घालून फिरवायचा, ही इथल्या पोरासोरांची जुनी थट्टा. हजार वेळा बघितली आहे. मीही हसले आहे. फुलं, समई, मधे मी, डिप्लोमाच्या फोटोतली. कै. विद्याश्री मगदूम. आधी हसण्याच्या खुणा आल्या. मग कुणीतरी खरे हात जोडले. मग सगळ्यांनीच. हसणाऱ्यांनीसुद्धा.

मी खाली काहीही लिहिलेलं नाही. लिहिणार नाही. मेले तरी.

अंबूबाईंनी सकाळी चहा दिला नाही. जिन्यात मी त्यांच्यासमोर उभी राहिले. त्या माझ्या खोलीचं कुलूप शोधत होत्या आणि फोनवर कुणाला तरी सांगत होत्या की पोरगी गुणाची होती, ताट चाटून पुसून ठेवायची, खोली रिकामी झालीया बघा. डोळ्यांत पाणी होतं बाईंच्या. खरं पाणी. त्याचाच जास्त राग आला.

शनिवार, दुपार

अव्वाकडं मोबाईल नाही. ती हे वाचूच शकत नाही. तेवढंच एक माझ्याकडं उरलंय. पण गुरुदादाकडं आहे.

त्याला फोन लावला. दादा, मी बोलतीया, विद्या, म्हटलं. तिकडं तो रडत होता. मग एकदम शिव्या द्यायला लागला. म्हणाला, आता मशीन कुणाचाही आवाज काढतंय, आम्हाला सगळं ठाऊक हाय, मेलेल्या पोरीच्या आवाजात पैसे मागता काय. हे मीच त्याला शिकवलं होतं. आवाजावर विश्वास ठेवू नको म्हणून.

कट केला. नंतर लागतच नाही.

त्यानं अव्वाला सांगायच्या आत पोचायला हवं.

एस.टी.त

कंडक्टरनं तिकीट विचारलं नाही. कागलला एक बाई चढली, माझ्या मांडीवर पिशवी ठेवली आणि मोबाईल बघत बसली. मी ढकलली. तिनं पिशवी उचलून परत तिथंच ठेवली.

तिच्या मोबाईलवर मी होते. अंगठा फिरवला, पुढं गेली –

मुरगूड

अव्वानं मला बघितलं.

देवा शिवा. बघितलं. दारात उभी होती, म्हणाली, अगं बाई, फोन न करता आलीस, वाळलीस किती. मी गळ्यात पडले. तिनं पाठीवरून हात फिरवला, तो हात लागला मला. किती दिवसांनी कुणाचा तरी हात लागला. ती म्हणाली, नोकरी सोडलीस व्हय, जाऊ दे, एवढं रडतंय व्हय कुणी. कढी गरम केली. मी जेवले. सगळी कढी प्याले.

तिला काही सांगितलं नाही. काय सांगू? एवढंच म्हटलं, अव्वा, कुणी काहीही सांगितलं तरी माझ्याकडं बघ. ती म्हणाली, येडी हायस.

दादा घरी नाही. अजून नाही. मी दार लावून कडी घातली आहे.

संध्याकाळ

कडी वाजली. अव्वानं काढली. मी नको म्हणत असताना काढली, माणसं दारात उभी करायची नसतात म्हणे.

रत्नव्वा मावशी आली. मागं गल्लीतल्या सगळ्या. मागं दादा. त्याचे डोळे सुजलेत. माझ्यावरून त्याची नजर गेली, भिंतीवर गेली –

मावशीनं अव्वाच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. अव्वा म्हणाली, काय झालं, कोण गेलं. दादानं मोबाईल पुढं धरला.

अव्वा हसली. ही काय हितं बसलीया की, म्हणाली. माझ्याकडं बोट केलं.

मग मावशी रडत म्हणाली की अक्काच्या डोक्यावर परिणाम झाला. कुणी पाणी आणलं. कुणी तिला खाली बसवलं. सगळ्या एकदम सांगतायत, माती झाली, आम्ही बघितली, शेकडो माणसं होती. दादासुद्धा. दादा, तू कुठं होतास रे –

अव्वा त्यांच्याकडं बघते. मग माझ्याकडं. परत त्यांच्याकडं. ती एकटी आहे. त्या सगळ्या आहेत.

मी तिच्यासमोरच बसले आहे, गुडघ्याला गुडघा लावून. लिहिते आहे म्हणजे मी आहे. अव्वा, बघ, ही मी. अव्वा, बोल की माझ्याशी, म्हणते आहे मी. ती डोळे चोळते. माझ्याकडं बघतानाही चोळते. पुसट काही बघितल्यासारखं –

मावशीनं तिचे हात धरलेत. म्हणते, जोड बाई, पोरीच्या जिवाला शांती मिळू दे, जोड. अव्वा नको म्हणते. दादा म्हणतो, अव्वा, जोड. मी एक हात धरून ठेवला आहे, डाव्या हातानं, उजव्यानं हे – त्या खूप जणी आहेत – अव्वा, नको, अव्वा, मी अजून – तिनं माझ्या हातातून हात –